दुकानाचा नंबर लिहा

४ सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

तुझी डिरेक्टरी फुकट आहे, असं तुझ्या दोघी सर्व्हेवाल्या माझ्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या. नोंदणी फुकट, फोटो फुकट, नकाशावर खूण फुकट. मी ऐकत होतो आणि मनातल्या मनात खर्च मांडत होतो. तो असा. काउंटरवरची खुर्ची आणि स्टूल, दोन्ही त्यांच्याकडे. म्हणजे मी उभा. दिवसभराचा चहा, त्यातला एक बिनसाखरेचा; म्हणजे दोन भांडी आणि त्यावर मामीची दोन वेगवेगळी बोलणी. माझा काउंटरवाला त्या दोघींतल्या धाकटीला फोटो कसा काढायचा ते शिकवत बसला आणि त्या नादात एका गिऱ्हाइकाला अर्ध्या इंचाऐवजी पाऊण इंची नळ देऊन मोकळा झाला. नळ परत आला, गिऱ्हाईक अजून आलेलं नाही. स्टुलाचा एक पाय. शिवाय माझी दुपारची झोप, आणि तसला माल बाजारात मिळत नाही. असं हे फुकट.

रागावून लिहीत नाही. पोरी कामाच्या आहेत. सकाळी सगळे कारागीर माल न्यायला माझ्याकडेच येतात, म्हणून त्यांना दुकानातच बसवण्याची अक्कल मीच तुला दिली होती, तेव्हा तक्रार कोणाकडे करू? गवंडी, प्लंबर, वायरमन, सुतार, रंगारी, सगळे येऊन गेले. गंमत बघण्यासारखी होती. रंगाऱ्याला धंदा विचारला तर त्याने नुसती स्वतःची बाही दाखवली. मग थोरलीने विचारलं, गिऱ्हाइकांनी कोणत्या नंबरवर फोन करायचा? तर तो माझ्याकडे बघून हसला. तेवढ्यात मला गोदामातून हाक आली.

काल ताईचा फोन होता. भिंगरीला ऑफिसात बढती मिळाली का, विचारत होती. तू नोकरी सोडल्याला उन्हाळा उलटून गेला आणि तुझ्या आईला अजून पत्ता नाही, हे काही मला बरं वाटत नाही. मी म्हटलं, कामात फार आहे ती. एवढं खरं आहे ना?

फोनवर तू माझं वाक्य तोडतेस आणि मी तुझं, म्हणून हे पत्र. मालाच्या गाडीबरोबर पाठवतोय. उत्तर ड्रायव्हरकडेच दे, तो विसरत नाही, फक्त चुरगळतो.

तुझा,
मामा

८ सप्टेंबर

प्रिय मामा,

स्टुलाचा पाय आधीपासून हलत होता असं थोरली शपथेवर सांगते. पण बिल पाठव, भरून देते.

तुला फोन करून बघितला होता. सकाळी एंगेज, दुपारी एंगेज. एवढं कोणाशी बोलत असतोस?

मामा, तुमच्या गावाने कमाल केली. इथे शहरात एका रंगाऱ्याकडून नंबर काढायचा तर अर्धा तास जातो. त्याला वाटतं आपण कर गोळा करायला आलोय. आणि तुझ्या दुकानात सगळ्यांनी पटापट सांगून टाकलं. मी ओळखते, तू तिथे उभा होतास म्हणून. आज आमच्याकडे गावातली एकही नोंद बिननंबरची नाही. नंतर दोघींनी प्रत्येक नंबरवर फोन करून विचारलंही, की हा अमक्याचाच नंबर ना? सगळीकडून ‘हो’ आलं. सगळ्यांच्या नावापुढे हिरवी खूण लागली आहे. प्रोग्रामर म्हणाला, असं गाव त्याने पाहिलेलं नाही.

आता नीट ऐक, म्हणजे वाच. भांडवलवाल्यांनी अट घातली आहे. महिना संपताना ते आमच्या डिरेक्टरीतून त्यांना हवी ती नावं निवडणार आणि अनोळखी गिऱ्हाईक म्हणून फोन लावणार. फोन उचलला गेला, आणि उचलणारा खरंच तो कारागीर निघाला, तर पुढच्या दहा गावांचा खर्च ते उचलतील. नाही तर दिवाळं. मी पुन्हा कोणाच्या तरी ऑफिसात टेबल शोधायचं, आणि आईला ते दोन्ही एकदम सांगायचं. म्हणून तोवर तिला काही बोलू नकोस. बढती मिळाली असंही सांगू नकोस म्हणजे झालं.

सोमवारी साइट सगळ्यांसाठी उघडतोय. तुझ्या दुकानाची नोंद मात्र तू करू दिली नाहीस. अख्ख्या गावात तू एकटाच बाहेर. हट्टी आहेस.

तुझी,
भिंगरी

१८ सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

साइट उघडली हे कळवायची गरज नव्हती. कळलं.

फोन वाढलेत. काउंटरवरचा एक आणि खिशातला एक, दोन्ही. मी जेवायला घरी जाणं सोडलंय, डबा दुकानातच येतो. मामी विचारते, तुम्ही दुकान चालवता की टेलिफोन एक्स्चेंज. मला मात्र मजा येते, खोटं कशाला बोलू. माणूस फोनवर काय मागतो ते एक, आणि त्याला काय हवं असतं ते दुसरं. काल एकाला रंगारी हवा होता. भिंतीचे पोपडे निघालेत म्हणाला. त्याच्या बोलण्यामागे थेंब पडत होता, एक, मग जरा थांबून दुसरा. मी म्हटलं, साहेब, रंगारी पाठवतो, पण पुढच्या महिन्यात. आधी प्लंबर येऊ दे. त्याला वाटलं मी जवळपास कुठे उभा आहे.

माझ्या दुकानाची नोंद करू दिली नाही म्हणून तू मला हट्टी म्हणालीस. अगं, ज्याला शोधावं लागतं त्याने नोंद करावी. या गावात नळाला हात लागतो तो माझ्या दुकानातून पाना गेल्यावर. माझा एक फोन गेला की प्लंबर हातातला घास ठेवून येतो. हे कुठल्या साइटवर लिहिणार तू?

एकच सुचवतो. परीक्षेच्या आधी नंबर पुन्हा एकदा डोळ्याखालून घाल. माणसं घाईत काहीही सांगतात.

बाकी ठीक. परवा एका घरात छतातून पाणी गळून वायरिंगवर पडत होतं. निस्तरलं. सांगण्यासारखं काही नाही.

ताईला काही बोललो नाही. तिचा फोनच लागत नाही म्हणे मला. माझा एंगेज असतो.

तुझा,
मामा

२३ सप्टेंबर

मामा,

नंबर डोळ्याखालून घातले. घालायला तुम्ही सांगितलं म्हणून नाही, तर साइटवर एका बाईंनी लिहिलं आहे म्हणून. त्यांचं जसंच्या तसं उतरवते: ‘घरात वायरिंगवर पाणी पडत होतं. हिरवी खूण असलेले दोन वायरमन, एक प्लंबर, दोन गवंडी, पाच जणांना फोन केले. पाचही एंगेज. सहावा लागला तो कोणी दुकानदार निघाला. ही डिरेक्टरी म्हणजे फसवणूक आहे. तो माणूस देवासारखा भेटला म्हणून आम्ही वाचलो.’

प्रोग्रामरने सगळे नंबर एकाखाली एक लावून बघितले. दुकानं, दवाखाने, शिंपी, छापखाना, हे सगळे आपापल्या नंबरवर आहेत. पण घर बांधायला आणि दुरुस्त करायला जी जी माणसं लागतात, ती झाडून सगळी दोन नंबरांवर आहेत. दोन्ही मला पाठ आहेत. एकावर मी लहानपणापासून फोन करते.

हे आम्हाला आधी दिसायला हवं होतं, ती चूक माझी. एका घरात नवरा सुतारकाम करतो, बायको कपडे शिवते आणि फोन एकच असतो, म्हणून एका नंबरवर अनेक धंदे चालतील अशी सोय मीच ठेवली होती. तेच दोन नंबर पुन्हा पुन्हा येताना दोघींना दिसले, पण सोय आहे म्हणून त्यांनी मला विचारलं नाही. मला नवरा-बायको दिसत होते. अख्खा बाजार एका माणसाच्या खिशात असेल, असं नाही सुचलं.

पण पडताळणीचे फोन तुम्ही उचललेत. थोरलीने विचारलं, हा प्लंबरचा नंबर का? तुम्ही म्हणालात, हो. सुताराचा का? हो. दोघींना आवाज एकच आहे हेही कळलं नाही, कारण मध्ये तुम्ही मुद्दाम फोन काउंटरवाल्याकडे देत होतात. हे तिला आता आठवलं.

मला एवढंच सांगा. त्यांना तुमचा नंबर द्यायला तुम्ही सांगितलंत का? माझी डिरेक्टरी चालली तर तुमच्याकडे कोणी ‘चांगला प्लंबर आहे का’ विचारत येणार नाही, आणि माल तुमच्याकडून जाणार नाही, हे मला समजत नाही असं समजू नका. पण मग पहिल्या दिवशीच नाही म्हणायचं होतं. मी दुसरं गाव निवडलं असतं. आता दुसरं गाव निवडायला महिना उरलेला नाही.

इति.

२४ सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

तू मला ‘तुम्ही’ म्हणालीस. बोबडं बोलत होतीस तेव्हापासून कधी म्हणाली नव्हतीस. पत्र मी गोदामात जाऊन दुसऱ्यांदा वाचलं.

आधी उत्तर. नाही, मी कोणाला सांगितलं नाही. पण अडवलंही नाही. रंगारी माझ्याकडे बघून हसला आणि ‘दुकानाचा नंबर लिहा’ म्हणाला, तेव्हा मला गोदामातून हाक आली होती असं मी तुला लिहिलं. हाक नव्हती आली. मी स्वतःहून आत गेलो.

त्यानेही तुला फसवलेलं नाही. तुझ्या पोरीने विचारलं होतं, गिऱ्हाइकांनी कुठे फोन करायचा. त्याची गिऱ्हाइकं माझ्याकडेच फोन करतात. त्याने खरं तेच सांगितलं. मागचा गवंडी ते ऐकत होता, त्याचीही गिऱ्हाइकं माझ्याकडेच येतात. मग पुढचे सगळे ‘तोच लिहा’ म्हणत गेले. गवंड्याचे हात दिवसभर सिमेंटमध्ये, फोन खुंटीवरच्या शर्टात. माणसं माझ्याकडे येतात, कारण कोण मोकळा आहे, कोणाचे गुडघे तिसऱ्या मजल्यावर चढत नाहीत, कोणता सुतार कोणत्या प्लंबरबरोबर एका घरात टिकत नाही, हे मला माहीत असतं. माल माझ्याकडून जातो हेही खरं. मी पुण्य करायला दुकान काढलेलं नाही. पडताळणीला ‘हो’ म्हणालो, तेव्हा प्लंबर समोर बसून माझा चहा पीत होता. त्या वेळी ते मला खोटं वाटलं नाही. फोन काउंटरवाल्याकडे का देत होतो, ते मात्र मला विचारू नकोस. तू ओळखलं आहेस.

आता त्या बाईंचं सांगतो. ‘सांगण्यासारखं काही नाही’ असं लिहिलं होतं, कारण सांगायची हिंमत होत नव्हती.

एका माणसाशी फरशीच्या रंगावरून बोलत होतो. दुसरा फोन काउंटरवाल्याच्या कानाला. माझा खाली ठेवला तोच वाजला. बाईंचा आवाज.

“वायरमन का?”

“वायरमन नाही, पण बोला.”

“ठेवू नका. पाच जणांना लावले, पाचही एंगेज आहेत. तुम्ही तरी ठेवू नका.”

तिच्या आवाजामागे तडतड चालली होती. तव्यावर पाणी शिंपडावं तशी. मी म्हटलं, “बाई, भिंतीपासून लांब व्हा. कशालाही हात लावू नका.”

“सासूबाई भिंतीला लागून खाटेवर आहेत. त्यांना उठता येत नाही.”

“त्यांनाही आत्ता हात लावू नका. मीटर कुठे आहे?”

“खाली, जिन्याखाली.”

“तिथे कोरडं आहे?”

“आहे.”

“पायात रबरी चप्पल घाला, हात पुसा आणि मीटरखालचा मोठा खटका पाडा. फोन तिथेच चालू राहू द्या.”

ती गेली. मी ऐकत उभा. तडतड, आणि मध्ये म्हातारीचं काहीतरी पुटपुटणं. काउंटरवर चार गिऱ्हाइकं ताटकळत. मग एकदम तडतड थांबली. म्हातारीने विचारलं, दिवे का गेले गं. मग मी दुसऱ्या फोनवरून वायरमनला तिकडे धाडलं.

बाईंनी आभार मानले. वायरमनही पोहोचला. पण तिच्या हिशेबात पाच माणसं होती, भिंगरी. मी एक नाही उचलला तर दुसरा उचलेल, या भरवशावर ती एकामागून एक फोन लावत होती. ते पाचही मीच होतो, आणि मी फरशीवर बोलत होतो. फोन दोन असोत की दहा, कान माझे दोनच. हे मी तिला सांगितलं नाही. तुलाही सांगितलं नाही.

परीक्षेचं काय करायचं ते तू ठरव. मी आहे.

मामा

२५ सप्टेंबर

प्रिय मामा,

गाडी लगेच परत निघते आहे म्हणून घाईत लिहिते.

परीक्षा अलीकडे आली. सोमवारी. सकाळी त्यांचा निरोप आला.

दोनच रस्ते आहेत. एक म्हणजे या सगळ्या नोंदी काढून टाकायच्या. मग डिरेक्टरीत छापखाना आणि शिंपी उरतात, आणि त्यासाठी कोणी पैसे घालत नाही. दुसरा प्रोग्रामरने सुचवला. मी नाही म्हटलं. मग रात्रभर विचार केला, आणि आता तुलाच विचारते आहे. सोमवारचा एक दिवस तू दोन्ही फोन सांभाळशील? प्लंबर विचारलं तर प्लंबर, सुतार विचारलं तर सुतार. काउंटरवाला एका फोनवर, तू एका फोनवर. तेवढा एक दिवस. मंगळवारपासून मी एकेक नंबर बदलून घेते, कितीही वेळ लागो.

हे चूक आहे हे मला माहीत आहे. ‘तुम्ही’ म्हटल्याचं तुला लागलं हेही कळलं. पण आत्ता माझ्याकडे तेवढी सवड नाही. सोमवार गेला की सगळ्याची माफी मागते.

तुझी,
भिंगरी

२८ सप्टेंबर, रविवार

प्रिय भिंगरी,

नाही.

सोपं काम होतं ते, म्हणूनच आधी जरा मोह झाला. मी सुताराचा आवाज इतका छान काढतो की त्याची बायको फसेल. सोमवारी तुझ्या साहेबांना सगळा बाजार एकट्याने ऐकवला असता, आणि वर मिशीला पीळ दिला असता. पण दर फोनला मला ती तडतड ऐकू आली असती. मंगळवारी बदलू म्हणतेस. सोमवारी कोणाच्या छताने दम धरला नाही तर?

म्हणून आज सुट्टी असून दुकान उघडलं. सगळ्यांना निरोप धाडले, आणि तुझ्या दोघींना सकाळच्या बसने बोलावून घेतलं. हे तुला न विचारता केलं, त्याचा राग सोमवारनंतर.

माणसं आली. सुट्टीचे स्वच्छ कपडे घालून आली होती, त्यामुळे दोघातिघांना मीच ओळखलं नाही. मी सांगितलं, डिरेक्टरीत दुकानाचा नंबर चालणार नाही. आपापला द्या, आजच्या आज. गवंड्याने चाचरत विचारलं, “मालक, आमच्याकडून काही चुकलं का?”

मी म्हटलं, तुमच्याकडून नाही. आणि त्यांना बाईंची गोष्ट सांगितली, तुला सांगितली तशीच, पाचही फोन कोणाचे होते त्यासकट. वायरमन मान खाली घालून उभा होता. तिच्याकडे तोच गेला होता ना.

मला वाटत होतं आता यांची समजूत घालावी लागणार. गिऱ्हाईक नीट बोलेल का, पैसे बुडवेल का, मध्ये कोणी नको का, असं विचारतील. मी भाषण तयार ठेवलं होतं. तेवढ्यात प्लंबरने खिशातून एक कार्ड काढून थोरलीच्या हातात ठेवलं. गुळगुळीत कागद, वर नळाचं चित्र, खाली नंबर.

“हे कधी छापलंस?” मी विचारलं.

“झाली दोन वर्षं.”

“मला दाखवलं नाहीस.”

“तुमच्यासमोर कशाला काढायचं, मालक? बरं दिसत नाही.”

त्यानंतर रंगाऱ्याने काढलं. मग एका सुताराने. वायरमनने कार्ड नाही, पण फोन पुढे केला. त्यावर तो कामात असल्याचा निरोप त्याच्या मुलीच्या आवाजात भरून ठेवला आहे, चांगला गोड. मी हसलो. सगळ्यांत मोठ्याने मीच हसलो, यावरून काय ते ओळख. माझा आव असा, की यांची दोरी माझ्या हातात आहे. ते मला दुखवायचं नाही म्हणून दोरीचं टोक धरून उभे होते.

थोरलीने मग तिथल्या तिथे पडताळणी घेतली. नंबर घेतला की लगेच लावून बघायचा. एकामागून एक खिसे वाजत गेले, प्रत्येकाची धून वेगळी, एकाचा तर कोंबडा आरवला. माझे दोन्ही फोन काउंटरवर गप्प पडून होते.

तिघांकडे फोनच नाही. त्यांच्या नोंदी काढून टाक. माझा लावू नकोस.

उद्या हे लोक शिडीवर असतील, पाण्यात असतील, झोपलेले असतील. उचलतीलच असं मी तुला सांगत नाही. पत्र पोरींबरोबर देतोय.

मामा

६ ऑक्टोबर

प्रिय मामा,

रविवारी तुझं पत्र वाचून मी आधी त्या तिघांच्या नोंदी काढून टाकल्या. प्रोग्रामरने विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, नाही म्हणाले, आणि जे करायचं ते करून टाकलं.

सोमवारी भांडवलवाल्या साहेबांनी फोन लावायला सुरुवात केली तेव्हा मी त्यांच्याच खोलीत बसले होते. फोन मोठ्या आवाजावर. पहिले तीन कोणी उचललेच नाहीत. चौथा उचलला तो सुतार, पण यंत्राच्या आवाजात त्याला काही ऐकू येईना. “संध्याकाळी करतो” म्हणून ओरडला आणि ठेवून दिला. वायरमनच्या मुलीचा निरोप ऐकून साहेबांच्या सेक्रेटरीबाई हसल्या. दुपारपर्यंत निम्म्याहून जास्त नावांपुढे ‘उत्तर नाही’ लिहिलं गेलं होतं. मी मनात आईशी काय बोलायचं ते जुळवत होते.

पाचनंतर फोन उलट यायला लागले. आधी गवंडी. मग रंगारी. मग एकामागून एक, हातपाय धुऊन बसल्यासारखे निवांत आवाज. प्रत्येकजण ‘कोणाचा फोन होता, काय काम आहे’ असं विचारत होता, आणि प्रत्येकजण स्वतःला जो म्हणवत होता तोच होता. साहेबांची घरी जायची वेळ टळून गेली.

निकाल असा. दहा गावं नाहीत. एकच, तुमचं, आणि तेही मार्चपर्यंत. मग पुन्हा बघतील. प्रोग्रामरने दुसरीकडे अर्धवेळ काम धरलं आहे. थोरली राहते, धाकटी गेली. आम्ही नावापुढे नवी खूण केली आहे: ‘कामावर, संध्याकाळी उलट फोन करतील’ आणि ‘आत्ता मोकळे’. तातडीच्या कामांना फक्त दुसऱ्या खुणेची माणसं दिसतील. त्या बाईंना मी स्वतः फोन केला आणि पाच फोन एंगेज का होते ते सांगितलं. त्या रागावल्या. मग तुझा पत्ता मागितला. दिला.

आईला सांगितलं. ती म्हणाली, माहीत आहे. बढतीचं विचारायला तिने माझ्या जुन्या ऑफिसातच फोन केला होता. तेव्हापासून ती आपल्या दोघांची गंमत बघत होती. मला काही बोलली नाही. तुला बोलणार आहे, तयार राहा.

तुला ‘तुम्ही’ म्हटलं ते चुकलं. तुझ्याकडून तसलं काम मागितलं, ते त्याहून मोठं चुकलं.

आता तरी दुकानाची नोंद करू का? दुकान म्हणून.

तुझी,
भिंगरी

२१ ऑक्टोबर

प्रिय भिंगरी,

ताई बोलली. फोन लागला तिला, कारण आता लागतो. पहिल्या दमातच मला शाळेतल्या नावाने हाक मारली, त्यावरून पुढचं समजून घे. शेवटी म्हणाली, पोरीला जेवायला वेळ मिळतो का तेवढं बघ. मी बघतो म्हटलं, तेव्हा जेवत जा.

त्या बाई सासूबाईंना घेऊन दुकानात आल्या होत्या. म्हातारीने माझं तोंड नीट न्याहाळलं आणि सुनेला म्हणाली, आवाजावरून मला उंच वाटला होता.

नोंद कर. लिही: पाइप, नळ, वायर, रंग, सगळी बांधकामाची हत्यारं. सकाळी नऊ ते संध्याकाळी आठ, रविवारी बंद. फोटो थोरलीने काढावा. मी काढला तर काउंटरवाला मध्ये येतो. धंद्याचं विचारशील तर माल जातो, पण पूर्वीसारखा सगळाच्या सगळा माझ्याकडूनच नाही. प्लंबर पाइप बाजारातल्या दुसऱ्या दुकानातूनही घेतो असं कानावर आलं. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. चहाला मात्र येतो अजून, वेळ असला तर. काल नव्हता.

दुपारी घरी जेवतो आता. म्हणूनच लक्षात आलं, स्वयंपाकघरातला नळ गळतोय. वॉशर मी आयुष्यभर विकले, बदललेला एकही नाही. खाली बादली लावली आहे, आणि मामी ती रिकामी करताना दर वेळी माझ्याकडे बघते. प्लंबरला मी फोन केला, त्याने उचलला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा केला. मग मामीने तुझी डिरेक्टरी उघडली, त्याच्या नावावर बोट ठेवलं आणि निरोप टाकला. संध्याकाळी त्याचा तिला उलट फोन आला.

गुरुवारची वेळ दिली आहे.

तुझा,
मामा